दूरदेशीची बालसेवा आणि खेड्यातील शाळा



मालवण किनाऱ्यावरील शाळेत सातवीच्या मुलांस, मोठेपणी काय व्हावयाचे, असा प्रश्न केला म्हणजे येणारी उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. कोणी बोटीवर जाणार, कोणी मुंबईस, कोणी आखातात. एखादी मुलगी परिचारिका होणार म्हणते. युद्धाने, भूकंपाने वा दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या परक्या मुलखातील मुलांची देखभाल करणे हाही एक व्यवसाय आहे, त्यास शिक्षण लागते आणि त्याचे वेतनही मिळते, ही गोष्ट त्या वर्गात सहसा कोणाच्या कानी पडलेली नसते. पडलीच, तर ती दयेची गोष्ट म्हणून पडते, कामाची म्हणून नव्हे. शिक्षकाने प्रथम हा भेद स्पष्ट करावयास हवा. आणि त्यासाठी उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. जन्म १९१०चा, वैद्यकीय शिक्षण मुंबईस. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते गेले. पथकातील चौघे कालांतराने स्वदेशी परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ रणभूमीत राहिले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघर पोचले. परंतु त्यामुळे एक गोष्ट थोडी मागे पडली. कोटणीस चिनी भाषा शिकले, आणि ती इतकी शिकले की तेथील तरुण विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. त्यागाची कथा ऐकून मूल डोळे पुसते, पण उद्यापासून आपण काय शिकावे हे त्यास उमगत नाही. भाषेची कथा ऐकली तर उमगते.

दुसरे उदाहरण तर घाट चढून गेले की लागते. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सोव्हिएत सत्तेने त्यांना घरादारांतून उचलून सायबेरियाकडे नेले होते. सुटका झाल्यावर इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. वळिवड्याच्या छावणीत रुग्णालय होते, अनाथ मुलांचे वसतिगृह होते, प्रार्थनामंदिर होते. आणि बालवर्गापासून माध्यमिक वर्गापर्यंत शाळा होत्या. ज्या मुलांनी बापाची कबर परमुलखात सोडली होती, ती पंचगंगेच्या काठी पुन्हा घंटेबरोबर वर्गात बसू लागली. हे भूतदयेने आपोआप घडत नाही. धान्याचा हिशेब ठेवणारा, पाणी शुद्ध करणारा, मुलांची नावनिशी नीट लिहिणारा, शिकविणारा, अशी अनेक माणसे त्यापाठी लागतात. पुढे फाळणीने निराधार झालेली सिंधी कुटुंबेही त्याच जागी वसली, तेच आजचे गांधीनगर. सहलीस कोल्हापुरी जाणाऱ्या शाळांनी अंबाबाईच्या दर्शनानंतर एक तास या जागेसाठी राखला तर तो वाया जाणार नाही.

या कामास स्थायी रूप आले ते युद्धानंतर. संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर १९४६ रोजी युनिसेफ ही मुलांसाठीची संस्था स्थापिली. पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला तोही तिच्या व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने. तिच्याही आधी, १९१९ साली, एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईने शत्रुराष्ट्रांतील उपाशी मुलांसाठी सेव्ह द चिल्ड्रन ही संस्था काढली, आणि बालकांच्या हक्कांचा जो जाहीरनामा राष्ट्रसंघाने १९२४ साली मान्य केला त्याचा मसुदाही तिचाच. ही बाई काही काळ प्राथमिक शिक्षिका होती, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे आहे.

आज अशा संस्थांत डॉक्टर व परिचारिका लागतात हे सर्वांस ठाऊक असते. हिशेबनीस, भांडारपाल, यंत्रदुरुस्ती करणारे, विहिरी व नळ पाहणारे, आहारतज्ज्ञ आणि शिक्षकही लागतात, हे ठाऊक नसते. लशीचेच पाहा. बहुतेक लशी दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. अधिक तापल्या तर निकामी, आणि काही तर गोठल्या तरी निकामी. कारखान्यापासून आफ्रिकेतील एखाद्या पाड्यापर्यंत ही थंडी अखंड राखणे हाच एक मोठा उद्योग आहे. बर्फ कमी पडला म्हणजे मासळीचे काय होते, हे पहाटे बंदरावर उभ्या राहिलेल्या कोळ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. त्या ज्ञानास शाळेत तापमापकाची आणि गणिताची जोड मात्र मिळावयास हवी.

मार्ग कोणता? आधी एक विद्या पक्की हातात असावी: परिचर्या, अभियांत्रिकी, हिशेब, अध्यापन किंवा समाजकार्य. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था मुंबईतच १९३६ साली निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मग स्वदेशातील कामाचा अनुभव. परदेशातील जागांसाठी बहुधा पदव्युत्तर पदवी आणि काही वर्षांचा असा अनुभव मागतात. इंग्रजी चांगली हवीच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत फ्रेंच, अरबी, स्पॅनिश याही आहेत, आणि त्यांतील एखादी येत असेल तर उमेदवाराचे वजन वाढते.

याची दुसरी बाजू पालकांपासून लपवू नये. यांतील अनेक नेमणुका ठराविक मुदतीच्या असतात. निवृत्तिवेतनाची सरकारी निश्चिंती तेथे नसते. काम धोक्याच्या प्रदेशात असू शकते. कोटणीस चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची वार्ता त्यांस पोचली, तरी ते परतले नाहीत. चित्रपटगृहात हे ऐकावयास उदात्त वाटते. घरी वाट पाहणाऱ्या आईस तसे वाटेलच असे नाही. मुलाने किंवा मुलीने हे समजून उमजून पत्करावे.

आणखी एक सावधगिरी. परदेशी नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांचा कोकणास अनुभव आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था नेमणुकीच्या कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून शुल्क घेत नाहीत. अर्जासाठी, मुलाखतीसाठी वा प्रशिक्षणासाठी कोणी त्यांच्या नावाने पैसे मागितले, तर तो ठकच समजावा. ही एवढी गोष्ट ग्रामसभेत सांगितली तरी एखाद्या घरचे दागिने वाचतील.

शाळेत आज काय करता येईल? मे २०२१च्या तौक्ते वादळाची मोठ्या मुलांना अजून आठवण आहे: उडालेली कौले, फुटलेल्या होड्या, दिवसचे दिवस नसलेली वीज. अशा वेळी मदत घेऊन येणारा माणूस पहिली गोष्ट मागतो ती यादी. वरच्या वर्गातील मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येकीने स्वतंत्रपणे आपल्या वाडीची यादी करावी: घरे किती, अंगावर पिणारी मुले कोठे, एकटी राहणारी वृद्ध माणसे कोठे, गोड्या पाण्याची विहीर कोणती आणि उधाणात खारी होणारी कोणती. मग दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. जेथे फरक आढळेल, त्या घरी दोन्ही तुकड्यांनी मिळून पुन्हा जावे, आणि आजीला पुन्हा विचारावे.