घटका भरते म्हणजे काय?



'घटका भरली' असं आपण सहज म्हणतो. पण भरायचं काय? पूर्वी लग्नघरी मुहूर्त गाठण्यासाठी पाण्याच्या घंगाळात तांब्याची हलकी वाटी सोडत. तिच्या बुडाला बारीक भोक असे. पाणी आत शिरत शिरत 24 मिनिटांत वाटी बुडे. ही झाली एक घटका. अशा 60 घटकांचा एक दिवस. वेळ सगळ्यांना कळावी म्हणून धातूच्या थाळीवर टोले देत. त्या थाळीचं नाव तास. घड्याळ हा शब्दही या घटिकेच्याच कुळातला.

आता त्या वाटीच्या दूरच्या नातलगाची गोष्ट सांगतो. 2019 साली जिनिव्हात एका धर्मादाय लिलावात पाटेक फिलिप या कारखान्याचं मनगटी घड्याळ 3 कोटी 10 लाख स्विस फ्रँकला गेलं. आपल्या रुपयांत दोनशे कोटींच्या वर! आणि ते सोन्याचं नव्हे, पोलादाचं. किमतीत काही भाग नावाचा, काही दानाचा, काही हौसेचा. तो हिशेब हौशी मंडळींनी करावा. आपण आतली चक्रं पाहू. अशा चावीच्या घड्याळांतल्या तीन करामती समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली, कानानं वेळ सांगण्याची. अंधारात एक कळ सरकवली की आतल्या बारीक हातोड्या टोले देतात : आधी तास, मग पाव तास, मग उरलेली मिनिटं. विजेचे दिवे नव्हते तेव्हा याची खरी गरज होती. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा 1878 साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्याला देणगी दिली आणि आईचं नाव दिलं. त्यांच्या आईला दिसत नसे. सूर्यास्ताआधी जेवायचा जैनांचा नेम तिला टोले ऐकून पाळता यावा, अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. म्हणजे आपला तास, मुंबईचा मनोरा आणि जिनिव्हाचं घड्याळ, तिघांचं काम एकच.

दुसरी करामत तारखेची. महिना कधी 30 दिवसांचा, कधी 31 चा. फेब्रुवारीचा तर थाटच वेगळा. त्यासाठी एक चक्र चार वर्षांत एकच फेरा घेतं. त्याच्या कडेला कमीअधिक खोल खाचा असतात. खाच जितकी खोल तितका महिना लहान. लीप वर्षही त्यात बसवलेलं. पण 2100 साली फेब्रुवारी 28 दिवसांचाच असणार, आणि हे चक्र 29 मोजणार. तेव्हा माणसालाच हात लावावा लागेल.

तिसरी करामत चंद्राची, आणि ती आपल्या जवळची. आपली शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा तिथीवर चालते आणि तिथी चंद्रावर. चंद्राचा महिना सरासरी 29 दिवस, 12 तास, 44 मिनिटांचा. असे बारा महिने वर्षाला अकराएक दिवस कमी पडतात. ती तूट आपल्या पंचांगानं धोंड्याचा महिना घालून भरून काढली. जावयांना तो चांगलाच ठाऊक आहे! घड्याळजींनी 59 दात्यांचं चक्र केलं. त्यावर समोरासमोर दोन चंद्र रंगवले. रोज एक दाता सरकला की 59 दिवसांत दोन महिने होतात.

आता आमच्या माण तालुक्यातल्या गुरुजींना एक विनंती. जाड पुठ्ठ्याचं 59 दात्यांचं चक्र मुलांकडून कापून घ्या. त्यावर असेच दोन चंद्र रंगवा, आणि पुढं एकच चंद्र दिसेल अशी खिडकी ठेवा. अमावस्येला सुरुवात करून रोज एक दाता सरकवा आणि रात्री मुलांना आभाळाशी ताडून पाहायला सांगा. आपल्याकडं पावसाचे ढग कमीच येतात. तेवढा एक फायदा घ्या!

वरची 44 मिनिटं या चक्रात धरलेली नाहीत. म्हणून अडीच-पावणेतीन वर्षांत पुठ्ठ्यावरचा चंद्र खऱ्या चंद्राच्या एक दिवस पुढं जाईल. एखादी पोर विचारील, 'गुरुजी, आपलं चुकलं कुठं?' तिला लगेच उत्तर देऊ नका. कागद-पेन्सिल द्या आणि त्या 44 मिनिटांचा हिशेब तिचा तिला मांडू द्या.

कोट्यवधींचं घड्याळ आपल्या मनगटावर येणार नाही, आणि त्यावाचून आपलं अडतही नाही. पण त्यातली विद्या पुठ्ठ्यात मावते. ती आपल्या पोरांपर्यंत पोचली नाही, तर मात्र नुकसान आपलं.

माझी घटका भरली.