विरळ हवेची तयारी



बासरला लोक लेकरांच्या हाती पाटी-पेन्सिल द्यायला येतात. अशा गावात शारदीय व्याख्यानमालेसाठी मोटार रॅलीवर बोलायला मला बोलावलंत, याचं मला अजून नवल वाटतंय. पण विषय हंगामाला धरूनच आहे. इकडे नवरात्राची गर्दी उसळते तो ऑक्टोबर महिना म्हणजेच तिकडे ‘रेड द हिमालय’चा काळ. १९९९ साली शिमल्याच्या मंडळींनी ही रॅली सुरू केली. मनाली, काझा, सरचू, पांग, लेह ही तिच्या वाटेवरची नावं. त्याआधी १९८० साली मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली उभी केली होती. म्हणजे समुद्रकाठच्या माणसालाही हिमालयाची ओढ लागते. मग गोदाकाठच्यांनी का मागे राहावं?

धर्माबाद, भोकर, भैंसा या भागातली पोरं मला पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘काका, इंजिनाचं काय काम करायचं?’ माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मी म्हणतो, इंजिनाला हात लावू नका. ते पैसे दिवसांवर खर्च करा. रॅलीच्या आधी आठ-दहा दिवस वर जाऊन राहा.

कारण साधं आहे. टांगलांग ला हा घाटमाथा ५,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. मारुती जिप्सी घ्या. लोखंडी चॅसी, पाटे, कमी वजन आणि हातानं टाकायचा फोर-व्हील गिअर यामुळे ती या रॅलीची लाडकी गाडी. खाली तिची ताकद ऐंशी अश्वशक्ती, वर ती चाळिशीत येते. तुम्ही लाखभर घालून दहा अश्वशक्ती वाढवल्यात तर माथ्यावर त्यातल्या पाचच हाती लागणार. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचं तर आणखीच अवघड. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणून धूर काळा आणि प्लग काजळलेले. तिथे लहान जेट घालावा लागतो, तो खिशात हवा. रेडिएटरचं झाकण कुणी गडबडीत उघडू नये, कारण त्या उंचीवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं.

लेहजवळच्या खारदुंग ला या घाटमाथ्यावरच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. नीट मोजल्यावर तो ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडा वर निघाला. डोकं दुखायला तेवढेही पुरतात म्हणा!

आता माणसाकडे वळू. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की शरीर कुरकुरायला लागतं. डोकं दुखतं, अन्नावरची वासना जाते, झोप तुटक लागते. डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. रॅली मात्र हा नियम पाळत नाही. मनाली दोन हजार मीटरवर, बारालाचा ला ४,८९० मीटरवर, आणि गाडी एकाच दिवसात चढते. म्हणून ही सवय रॅलीच्या आधीच अंगात मुरवावी लागते.

ही सवय आपल्याकडे होत नाही. कळसूबाई हे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचं आणि बासर त्याच्याही कितीतरी खाली. निर्मळचा महबूब घाट शंभरदा चढलात तरी गिअर टाकायला शिकाल, रक्तात काही फरक पडणार नाही. मनालीचे सुरेश राणा ही रॅली पुन्हा पुन्हा जिंकत आले. त्यांचा हात मोठा, यात शंकाच नाही. पण त्यांचं घरच दोन हजार मीटरवर आहे, हेही विसरू नका.

आजाराची खूण ड्रायव्हरला स्वतःला कळत नाही, शेजारच्याला कळते. म्हणून मुक्कामाला उतरल्यावर जोडीदारांनी एकमेकांना टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालायला लावावं. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यावी. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला तर फुप्फुसात पाणी भरत असेल. दोन्हींवर पहिला इलाज एकच : ताबडतोब खाली उतरणं. डायमॉक्सची गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यावी आणि तिच्या भरवशावर चढत राहू नये.

दिवस लागतात ते गाडीलाही. नव्यानं बांधलेली गाडी तीन-चारशे किलोमीटर खडबडीत रस्त्यावर पळवायची, मग खाली झोपून एकेक नट पुन्हा आवळायचा. आवळला की नट आणि बोल्ट दोघांवरून पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढायची. संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात ती रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला. पाट्यांचे यू-बोल्ट, शॉकअब्सॉर्बरचे नट आणि सायलेन्सरचे क्लॅम्प आधी बघावेत. ब्रेक ऑइलही निघण्यापूर्वी बदलावं. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपला पावसाळा अंगावर काढलेलं ऑइल लांबलचक उतारावर लवकर उकळतं. मग पायाखालचा पेडल सरळ तळाला जातो.

इंधनाचंही आधीच बघावं. मनाली-लेह वाटेवर टांडीच्या पेट्रोल पंपावरची पाटी प्रसिद्धच आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. डिझेलवाल्यांना पूर्वी तेल गोठण्याची धास्ती असे. २०१९ साली इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं.

घड्याळाची तयारी मात्र इथेच, अगदी फुकटात होते. या रॅलीत ‘एक्स्ट्रीम’ गटवाले जीव तोडून पळतात. ‘ॲडव्हेंचर’ गटात ठरवून दिलेल्या सरासरी वेगानं, सेकंदाबरहुकूम पोचायचं असतं. अशा स्पर्धांत बहुतेक ठिकाणी उशिरापेक्षा लवकर पोचल्याचा दंड जड. समजा, २८ किलोमीटर अंतर आणि ताशी ४२ ची सरासरी, म्हणजे बरोबर ४० मिनिटं. पण तुमचा ट्रिपमीटर दहा किलोमीटरला १०.२ दाखवतोय. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. त्या मीटरवर विसंबून चाललात तर ४८ सेकंद उशिरा पोचाल, आणि तेवढ्यात निकाल फिरतो. म्हणून आयोजकांनी मोजून दिलेल्या अंतरावर मीटर आधी जुळवून घ्यायचा. टायर बदलला की पुन्हा जुळवायचा, कारण चाकाचा घेर बदलतो.

किनवट-माहूरच्या रस्त्यावर रात्री जा. एकानं चालवावं, दुसऱ्यानं मांडीवर रोडबुक ठेवून आकडे ओरडावेत. काळ्या मातीच्या चिखलात गाडी मुद्दाम रुतवा आणि दोघांच्याच बळावर बाहेर काढा, टोचन करायला ट्रॅक्टर बोलावायचा नाही. हातमोजे घालून स्टेपनी बदला. वर उघड्या बोटांनी पाना धरवत नाही. हिमालयात नाले सकाळी गोठलेले आणि दुपारी बर्फ वितळून फुगलेले असतात. इंजिन बंद पडलं तर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून कोरड्या मोज्यांचा जोड सीटखालीच ठेवायचा.

इथल्या आयआयआयटीतले विद्यार्थी बरेच दिसताहेत. तुम्हाला शेवटचं सांगतो. गाडी नाही म्हणून अडून बसू नका. स्पर्धेसाठी एफएमएससीआय या संस्थेचा परवाना लागतो, तो काढा. चांगला ड्रायव्हर एक वेळ मिळतो, शांत डोक्याचा नॅव्हिगेटर शोधून सापडत नाही. घाटात वाचताना मळमळत नसेल आणि पहाटे चारला त्रैराशिक चुकत नसेल, तर व्याख्यान संपल्यावर माझ्याकडे नाव द्या.