मागे राहिला, त्याचा डाव आधी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातले अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. ते अनुभव म्हणजे खुर्ची, संगणक आणि पाठदुखी. त्यामुळे आज मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. हसू नका! शाळेत मी एकही खेळ खेळले नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलं कबड्डी खेळायची, तेव्हा त्यांच्या चपला सांभाळायचं आणि गुण लिहायचं काम माझ्याकडं असायचं.

कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं कॅलिफोर्नियात, सॅन होजेला होते. एका रविवारी ऑफिसमधली मैत्रीण मला डोंगर ओलांडून सांताक्रूझला घेऊन गेली. तिथं डेलाव्हिएगा नावाचं मोठं उद्यान आहे आणि त्यात १९८४ पासून डिस्क गोल्फचं मैदान आहे.

हा खेळ गोल्फसारखाच, पण यात काठी नाही आणि चेंडूही नाही. हातात प्लॅस्टिकची चकती असते. खड्ड्याऐवजी लोखंडी खांब, त्याला लोंबत्या साखळ्या आणि खाली टोपली. चकती साखळ्यांवर आदळली की तिचा जोर मरतो आणि ती टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, मग पुढच्या टोपलीकडं चालायला लागायचं. ही साखळ्यांची टोपली एड हेड्रिक यांनी तयार केली आणि १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. लॉस एंजेलिसजवळच्या एका उद्यानात १९७५ मध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं, तेही त्यांनीच.

डेलाव्हिएगाच्या दोन टोपल्या एकसारख्या नाहीत. कुठं ओकच्या झाडांमधल्या चिंचोळ्या वाटेतून फेकायचं, कुठं घळीच्या पलीकडं. कुठं टोपली उतारावर, नेम चुकला की चकती घरंगळत खाली. माझी पहिली फेक समोरच्या झाडावर आपटली, दुसरी झुडपात गेली. ते झुडूप पॉयझन ओकचं, म्हणजे आपल्या खाजकुयलीचं भावंडच! उजव्या हातानं मागून पुढं फेकलेली चकती वेग कमी झाला की डावीकडं वळते, हे कळायला मला महिना लागला. मग मात्र दर रविवारी जायला लागले.

सत्ताविसाव्या टोपलीला तिथं ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणतात. टेकडीच्या माथ्यावर उभं राहायचं, समोर लांबवर माँटेरेचा उपसागर दिसतो आणि चकती खाली झाडांत सोडायची. ती बराच वेळ हवेत तरंगते. तिथं पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला समुद्र नाही, बिंदुसरेचं पाणी आठवलं. आणि आपल्या वर्गातली ती आठवली.

नाव घेत नाही, तुम्हाला कळेलच. शाळेमागच्या चिंचेचा सांगितलेला आकडा एका दगडात पाडणारी. गोफण तर तिच्यासारखी कुणालाच जमायची नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ती आईवडलांबरोबर ऊसतोडीला जायची आणि पट्टा पडला की परत यायची. सातवीत गेली, ती पुन्हा वर्गात आलीच नाही. आपण तिची जागा रिकामी ठेवली का? नाही. मीच सरकून तिथं बसले, कारण खिडकी होती.

या मेळाव्याची यादी आपण दहावीच्या हजेरीपटावरून केली. त्यात ती नाही. मी गावात चौकशी केली, फोनवर बोलले. ती म्हणाली, “अगं, मी कुठं दहावी झालेय? आणि आमची गाडी परवाच भरलीय.” आज आपण इथं जेवतोय आणि ती कोयता घेऊन फडात आहे.

डिस्क गोल्फमध्ये एक नियम आहे. ज्याची चकती टोपलीपासून सगळ्यात लांब पडली, त्याचा डाव आधी. बाकीच्यांनी थांबायचं. पुढं गेलेल्यानं मागच्याला सोडून खेळायचं नाही. इतकी वर्षं मी स्पर्धेतच वाढले, त्यामुळे हा नियम मला आधी उलटा वाटला. आता तोच बरोबर वाटतो.

म्हणून दोन गोष्टी मागते. एक, पुढचा मेळावा उन्हाळ्यात ठेवू या, पट्टा पडल्यावर. आणि यादी पहिलीच्या हजेरीपटावरून करू या.

दुसरी, शाळेच्या मैदानात एक टोपली उभी करू या. गोल्फ म्हटलं की हिरवळ आली, पाणी आलं, ते आपल्या बीडला परवडणारं नाही. या खेळाला हिरवळ लागत नाही, झाडं तोडावी लागत नाहीत, उलट झाडं असली तर खेळाला मजा येते. पाइप, साखळ्या, सळया आणि एक चांगला वेल्डर एवढ्यावर भागतं. पहिल्या टोपलीचा खर्च माझा, चकत्याही मी आणल्या आहेत. अट एकच : मैदानावर मुलींनीही खेळायचं, त्यांना चपला सांभाळायला बसवायचं नाही.

आणि पहिली चकती ती फेकेल. तिला मी शब्द दिलाय. ती हसून म्हणाली, “साखळीलाच लागंल बघ.”

लागेल. मला खात्री आहे.