गिअरबॉक्सची गळती आणि चालकाची जबाबदारी

(चालक व मेकॅनिक साथींच्या अभ्यासवर्गातील भाषण)

साथींनो,

सकाळच्या सत्रात महागाई भत्ता आणि पेन्शन यांवर चर्चा झाली. मला विषय दिला आहे तो गाडीच्या गिअरबॉक्समधून होणाऱ्या तेलगळतीचा. विषय ऐकून काही जण हसले. पण याच गळतीपायी आपल्या एका चालक साथीच्या हातात एस.एफ.११ चा मेमो पडला होता. म्हणून हा विषय युनियनचा आहे.

हा साथी गँगचे सामान ट्रकने पोचवत असे. रस्ता रुळाच्या कडेचा, कच्चा, पावसाळ्यात नुसता चिखल. गिअरबॉक्सचे तेल कमी पडू लागले. मागचे ऑईल सील दोनदा बदलले, तरी तिसऱ्यांदा गाडीखाली तेलाचे थारोळे. साहेबांनी ठरवून टाकले की चालक गाडी रगडतो, तेलाची किंमत पगारातून कापा. मी मेकॅनिक साथीला घेऊन गाडीखाली शिरलो. सील नवे होते, बसवलेलेही नीट होते. पण गिअरबॉक्सच्या माथ्यावरचा ब्रीदर चिखलाने पक्का बुजला होता.

गाडी चालली की आतले तेल आणि हवा तापते, फुगते. हवा बाहेर जाण्याची वाट म्हणजे ब्रीदर. ती वाट बंद झाली की आतला दाब सीलवर येतो आणि तेल तिथून बाहेर पडते. अशा वेळी दहा सीले बदलली तरी गळती थांबणार नाही. ब्रीदर साफ केला, गळती थांबली. लेखी उत्तरात हेच कारण मांडले आणि मेमो मागे घेतला गेला.

आता गळतीची नेहमीची कारणे सांगतो. पहिले, सील. रबर उष्णतेने कडक होते, त्याला चिरा पडतात. बेअरिंग झिजून शाफ्ट हलू लागला, तर नवे सीलही फार दिवस टिकत नाही. दुसरे, जोडावरचे पॅकिंग. इथे आपलीही चूक होते. बोल्ट हवा तेवढाच आवळावा. जास्त आवळला तर पत्र्याचे झाकण वाकते आणि पॅकिंग दबून फाटते. तिसरे, ड्रेन प्लग. जुनाच वॉशर परत लावला किंवा आटे गेले, की थेंब सुरू. चौथे, प्रमाणाबाहेर भरलेले तेल. पाचवे, खडीचा मार लागून तडकलेली केसिंग.

ऑफिसच्या काही गाड्या आता ऑटोमॅटिक आहेत. त्यांत टॉर्क कन्व्हर्टरजवळचे पुढचे सील, खालच्या पॅनचे पॅकिंग आणि तेल थंड करण्यासाठी कूलरकडे जाणारे पाईप ही गळतीची खास ठिकाणे. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांचे नवे तेल लाल असते. साध्या गिअर तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिनचे वापरलेले तेल काळे. क्लचच्या घरातून तेल ठिबकत असेल तर ते इंजिनचे की गिअरबॉक्सचे, हे रंगावरून आणि वासावरून आधी ओळखा. तिथले तेल क्लचप्लेटवर गेले की क्लच घसरतो आणि चढावर गाडी दगा देते.

ओले दिसते तिथेच गळती असते असे नाही. वाऱ्याने तेल मागे उडते. म्हणून खालची बाजू धुवा, कोरडी करा, खडूची पूड मारा, गाडी थोडी फिरवून आणा. सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जिथे पूड भिजली, तिथे कारण शोधा.

साथींनो, गुपचूप तेल भरून गाडी बाहेर काढणे हा साहेबांवर उपकार नाही, तो स्वतःच्या गळ्यातला फास आहे. तेल संपून गिअरबॉक्स जॅम झाला की "आधी का सांगितले नाही?" हाच पहिला प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १९० पाहा. धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा जसा जबाबदार, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही जबाबदार. दोष लेखी कळवला नाही, तर सगळा भार एकट्या चालकावर येतो.

रेल्वे सेवकांच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत नुकसानीची पगारातून वसुली ही किरकोळ शिक्षांत मोडते. पण ती निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीसाठी आहे, आणि त्याआधी लेखी मेमो देऊन उत्तराची संधी द्यावी लागते. झिजलेले सील म्हणजे चालकाचा निष्काळजीपणा नव्हे. म्हणून थेंब दिसला त्याच दिवशी लॉगबुकात लिहा, अर्जाच्या नकलेवर पोच घ्या. मेकॅनिक साथींनी कारण न शोधता "सील बदलले" एवढेच लिहून जॉबकार्ड बंद करू नये. त्या एका ओळीने आपलाच भाऊ अडकतो.

प्रशासनाकडे आपली मागणी साधी आहे. सील, पॅकिंग आणि वॉशर स्टोअरमध्ये वेळेवर मिळावेत आणि सर्व्हिसिंगची तारीख टळू नये. काही रुपयांच्या वॉशरसाठी गाडी आणि माणूस दोन्ही पणाला लावायचे नसतात.

कामगार एकजुटीचा विजय असो!