संशोधनाचे दार आपल्या मुलांना उघडे हवे

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



गुणवंतांचे कौतुक झाले. आता त्यांच्या पुढच्या वाटेवरील एका अडथळ्याविषयी बोलावयाचे आहे. परीक्षा पाठ्यपुस्तकावर देता येते. पण प्रबंध लिहावयाचा तर त्या विषयावर जगात अगोदर काय संशोधन झाले, ते वाचावेच लागते. हे संशोधन शोधनियतकालिकांत छापलेले असते. संगणकावर लेखाचे नाव दिसते, थोडा सारांश दिसतो आणि पुढे तीस-चाळीस डॉलरची मागणी येते. म्हणजे एका लेखाला अडीच-तीन हजार रुपये! प्रबंधाला असे पन्नास लेख लागतात. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या बापाने ते कोठून आणावेत?

ज्ञान कोणी कोंडावे आणि कोणी उंबऱ्याबाहेर थांबावे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 9 मे 1916 रोजी त्यांनी तेथे भारतातील जातींवरील निबंध वाचला. मे 1917 मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बुद्धी तर प्रखर होतीच; पण त्या बुद्धीच्या हाताशी कोलंबियाचे ग्रंथालय होते. पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय होते. ती दारे बंद असती तर? आज तो निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतो, हे ध्यानात ठेवा.

कोणी म्हणेल, संशोधन हे मोठ्यांचे काम, आपल्या औद्योगिक वसाहतीत त्याचे काय? मित्रहो, 1954 च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरील औषध शोधले. त्याचा शोधनिबंध 1961 साली कंपनीच्याच नियतकालिकात छापला गेला. पिंपरीच्या मातीत संशोधन होते, ते असे.

आता व्यवहार पाहा. संशोधकाचा पगार बहुधा सरकारी, म्हणजे जनतेच्या करातून. लेख तपासणारे विद्वानही बहुधा मोबदला घेत नाहीत. पण प्रकाशक लेखाचे हक्क घेतो आणि तोच लेख ग्रंथालयांना वर्गणी लावून विकतो. मोठी संस्था वर्गणी भरते, लहान महाविद्यालय भरू शकत नाही.

यावर केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्था. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु आपल्या पट्ट्यातील बहुसंख्य अभियांत्रिकी व व्यवस्थापन महाविद्यालये खाजगी आहेत आणि योजनेचा पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे. मग कर्ज काढून फी भरणारा कामगाराचा मुलगा पुन्हा दाराबाहेरच! शिक्षण सोडून कामाला लागलेला, पण वाचू इच्छिणारा तरुण तर कोणाच्याच यादीत नाही.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. विद्यार्थ्यांनी लेखकालाच नम्रपणे पत्र लिहून प्रत मागावी. मागण्यात कमीपणा नाही, आणि पुष्कळ लेखक आनंदाने पाठवतात. लेखाची खुली प्रत लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात आहे का, ते पाहावे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ विनामूल्य खुली आहे. संस्थेने आपल्या अभ्यासिकेत एक संगणक ठेवावा आणि रविवारी दोन तास जाणत्या माणसाने मुलांना हे शोधणे शिकवावे. तसेच खाजगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही आणि सार्वजनिक ग्रंथालयांनाही या योजनेत घ्यावे, असे निवेदन संस्थेने आमदार-खासदारांना द्यावे.

आज ज्यांचा सत्कार झाला, त्यांच्यापैकी कोणी उद्या संशोधक होईल. त्याला माझे एवढेच सांगणे आहे की, तुझा पहिला शोधनिबंध छापून येईल तेव्हा तो सर्वांना वाचता येईल अशाच ठिकाणी ठेव. मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवणे, हेही समाजाचे ऋण फेडणे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!