सात मिनिटांचा लेट

(खरगपूर येथील आपल्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे, 'लघुग्रहांपासून पृथ्वीचे रक्षण : विज्ञानकथा आणि वास्तव'. मी शास्त्रज्ञ नाही आणि साहित्यिक तर नाहीच नाही. स्थापत्यची पदविका घेऊन रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून रुळांची निगा राखतो आहे. त्यामुळे आकाशाकडेही मी रुळावर उभा राहूनच पाहणार, हे आधीच सांगून ठेवतो.

लघुग्रह पृथ्वीवर आदळणार आणि त्याला अडवायचे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी सिनेमात पाहिली आहे. १९९८ या एकाच वर्षी 'डीप इम्पॅक्ट' आणि 'आर्मागेडन' असे दोन इंग्रजी चित्रपट आले. 'आर्मागेडन'मध्ये टेक्सास राज्याएवढा लघुग्रह अठरा दिवसांवर येऊन ठेपतो. मग तेलविहिरी खणणारी मंडळी यानातून त्याच्यावर उतरतात, भोक पाडतात आणि आत अणुबॉम्ब ठेवतात. करमणूक झकास आहे. पण माझ्यातला रेल्वेवाला विचारतो, की अठरा दिवस उरेपर्यंत पहाऱ्यावरची माणसे काय करत होती?

याहून शहाणी विज्ञानकथा आपल्या मराठीत आहे. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांची 'धूमकेतू' ही कथा काहींनी वाचली असेल, तर मुलांनी इंग्रजीच्या पूरक पुस्तकात तिचे भाषांतर अभ्यासले असेल. तिचा नायक कोलकात्याचा एक हौशी आकाशनिरीक्षक, दत्तदा, म्हणजे आपला शेजारीच. त्याला सापडलेला धूमकेतू पृथ्वीच्या वाटेवर आहे असे कळते. एकीकडे शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याची दिशा बदलण्याची योजना आखतात, तर दुसरीकडे दत्तदाच्या घरी अनिष्ट टळावे म्हणून यज्ञ मांडला जातो. संकट टळले तर ते कशामुळे टळले, हे लोकांना कळणार कसे, हा प्रश्न ती कथा वाचून माझ्या मनात राहिला. शेवटी त्याच्याकडे मी परत येणार आहे.

दुसरे नाव आर्थर क्लार्क यांचे. त्यांच्या १९७३ च्या 'राँदेव्हू विथ रामा' या कादंबरीत सुरुवातीलाच २०७७ साली उत्तर इटलीवर मोठी उल्का कोसळते आणि त्यानंतर माणूस आकाशावर कायमचा पहारा बसवतो. त्या पहाऱ्याला क्लार्क यांनी 'स्पेसगार्ड' असे नाव दिले. पुढे १९९२ मध्ये 'नासा'च्या अहवालाने प्रत्यक्ष पहाऱ्याची योजना मांडली, तेव्हा हेच नाव उचलले. फरक एवढाच, की कादंबरीत पहारा अपघातानंतर बसतो. रेल्वेचे कितीतरी नियम असेच अपघातानंतर लिहिले गेले आहेत. हा एक नियम तरी आधी लिहिला जावा, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे.

आता मुख्य मुद्दा. लघुग्रह फोडायचा नसतो. मग करायचे काय?

लेव्हल क्रॉसिंग डोळ्यांसमोर आणा. रुळावरून गाडी येते आहे, रस्त्याने बैलगाडी येते आहे. अपघात कधी होईल? दोघे एकाच वेळी फाटकावर आले तरच. बैलगाडी जरा आधी गेली किंवा जरा उशिरा आली, तर काहीच होणार नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. तिचा व्यास सुमारे १२,७४० किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढे अंतर ती सात मिनिटांत ओलांडते. लघुग्रह ठरल्या वेळेपेक्षा सात मिनिटे लेट झाला, तर तो येईल तेव्हा आपली पृथ्वी पुढे निघून गेलेली असेल. (पृथ्वीच्या ओढीसाठी एखादे मिनिट जादा धरा.) सात मिनिटांचा लेट! आपण तर तेवढ्या लेटला लेटही म्हणत नाही.

हा लेट घडवायला किती धक्का लागतो? साधा गुणाकार करू. लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरने बदलला, तर वीस वर्षांत तो सुमारे ६,३०० किलोमीटर बाजूला जातो, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येएवढा. प्रत्यक्ष कक्षेत हा फरक याहून जास्तही पडू शकतो. पण तेच काम एक महिना उरला असताना करायचे म्हटले, तर धक्का २४० पट लागेल. वेळ हातात असेल तर टिचकी पुरते, आणि वेळ गेला तर बॉम्बही पुरेलच असे नाही. धावत्या गाडीला थांबवण्याचा नियम आपल्याला पाठ आहे. अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक डिटोनेटर आणि १२०० मीटरवर तीन. अडथळ्याच्या तोंडाशी जाऊन लाल झेंडी हलवणारा माणूस कितीही शूर असला, तरी गाडी थांबत नाही.

ही टिचकी आता कागदावर राहिलेली नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, आपल्याकडे २७ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास, 'नासा'चे 'डार्ट' हे यान डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले. डायमॉर्फस हा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा, सुमारे १६० मीटरचा दगडधोंड्यांचा गोळा. त्याच्यापासून पृथ्वीला धोका नव्हता, ही तालीम होती. त्याचे वजन अंदाजे ४३ लाख टन, म्हणजे पाच हजार टनांच्या भरलेल्या साडेआठशेहून जास्त मालगाड्या. यानाचे वजन साडेपाचशे किलोच्या थोडे वर, पण वेग सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक. डायमॉर्फसच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. मुंगी याहून भरभर चालते. तरीही त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. धडकेने मागे उडालेल्या दगडमातीचा उलटा रेटा मिळाल्यामुळे परिणाम नुसत्या यानाच्या धक्क्याच्या साडेतीन पटींएवढा झाला. त्या जागेची तपासणी करायला युरोपचे 'हेरा' यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले आहे. आमच्याकडे काम झाल्यावर निरीक्षक येतो, तसेच हे.

म्हणजे धक्का देता येतो. मग अडचण कुठे आहे? अडचण पहाऱ्याची आहे.

पृथ्वीच्या आसपास येणारे चाळीस हजारांहून अधिक लघुग्रह आज नोंदले गेले आहेत. एक किलोमीटरहून मोठे बहुतेक सगळे सापडले आहेत. पण एखादा प्रदेश बेचिराख करू शकतील अशा, १४० मीटरहून मोठ्यांपैकी निम्म्याहून कमी सापडले आहेत. यांतले नव्वद टक्के २०२० पर्यंत शोधावेत असा कायदा अमेरिकेने २००५ मध्ये केला होता. ती मुदत उलटून गेली. त्यासाठीची खास अवकाश दुर्बीण २०२७ च्या सुमारास सोडण्याचे नियोजन आहे. आपल्या देशातही लडाखमध्ये हानले येथे आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेची 'ग्रोथ-इंडिया' ही स्वयंचलित दुर्बीण असे लघुग्रह टिपते.

न सापडलेला दगड काय करतो? लांब जायला नको, बुलढाण्याचे लोणार पाहा. आपला प्लॅटफॉर्म १०७२ मीटरचा. असे दीड प्लॅटफॉर्म ठेवले तरी लोणारच्या विवराचा व्यास भरत नाही. ते जुने झाले म्हणाल, तर १५ फेब्रुवारी २०१३ ची रशियातील चेल्याबिन्स्क शहराची सकाळ घ्या. जेमतेम आपल्या आयसीएफ डब्याएवढा दगड सूर्याच्या दिशेने आला, म्हणून कोणालाच आधी दिसला नाही, आणि हवेतच फुटला. लख्ख उजेड पाहून लोक खिडक्यांशी धावले. धक्क्याची लाट त्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांनी आली आणि हजारो इमारतींच्या काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले. एका शिक्षिकेने मात्र उजेड दिसताच वर्गातल्या चव्वेचाळीस मुलांना बाकांखाली घातले. ती स्वतः काचांनी जखमी झाली, पण एकाही मुलाला काच लागली नाही. तिने ती दोन मिनिटे वापरली. पहारा म्हणजे अशी मिनिटे मिळवणे, आणि जमल्यास वर्षे.

आता पहाऱ्याचा एक त्रासही सांगतो. २०२४ च्या डिसेंबरअखेर चिलीतील एका दुर्बिणीला 'वायआर-४' हा साधारण साठ मीटरचा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी टक्कर होण्याची शक्यता आधी एक टक्का, मग वाढत १८ फेब्रुवारी २०२५ ला तीन टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. वाहिन्यांनी आठवडाभर आरडाओरडा केला. मग काही दिवसांत शक्यता जवळजवळ शून्यावर आली, आणि लोक म्हणाले, "बघा, उगाच घाबरवले!"

उगाच नव्हते. समजा एक पार्सल कॉलनीतल्या शंभर क्वार्टर्सपैकी कोणाचे तरी आहे. तुमचे असण्याची शक्यता एक टक्का. चौकशी करून सदुसष्ट घरे वगळली, तुमचे अजून यादीत आहे, तर शक्यता तीन टक्के. आणखी चौकशी केली, पाचच घरे उरली आणि त्यांत तुमचे नाही. शक्यता शून्य. पार्सल जागचे हलले नाही, आपली माहिती वाढली. आकडा वर जाऊन खाली येणे हे चौकशी नीट चालल्याचे लक्षण आहे. अशा प्रत्येक वेळी पहारेकऱ्याची टिंगल झाली, तर खऱ्या वेळी त्याचे कोण ऐकणार?

शेवटी एक कथाबीज देतो. कोणा तरुणाने जरूर लिहावे. साल २०३८. सव्वाशे मीटरचा एक दगड सापडतो, टक्कर २०५५ मध्ये. संभाव्य पट्टा आफ्रिकेवरून अरबी समुद्र ओलांडून भारतावर येतो. अंदाज सांगतो, तो समुद्रात पडेल. धक्का दिला, तर पडण्याची जागा पट्ट्यावरून पूर्वेकडे सरकत सरकत पृथ्वीबाहेर जाईल. पण धक्का अर्धाच लागला तर? तर समुद्रात पडणारा दगड मुंबईच्या किनाऱ्यावर येईल. धक्का देणारे यान दुसऱ्याच देशाचे. सही कोणी करायची? आज संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने इशारा देणारे एक जाळे आणि मोहिमांबाबत सल्ला देणारा एक गट, दोन्ही आहेत. पण ते सल्ला देतात, निर्णय देशांनी घ्यायचा. आमच्या सेक्शनवर कोणती गाडी आधी सोडायची हे एक कंट्रोलर ठरवतो. पृथ्वीला कंट्रोलर नाही. माझ्या मते पुढच्या काळातली खरी विज्ञानकथा बॉम्बची नाही, या सहीची आहे. आणि ती सही घाईत करावी लागू नये, म्हणूनही पहारा लवकर हवा.

अपोफिस नावाचा, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपासून अवघ्या ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. आपल्या घड्याळात ती १४ तारखेची, आंबेडकर जयंतीची पहाट असेल. तो आदळणार नाही, पुढची शंभर वर्षे तरी नाही. २००४ मध्ये याचीही शक्यता पावणेतीन टक्क्यांपर्यंत गेली होती. आज आपण निश्चिंत आहोत, ते अनेकांनी रात्री जागून केलेल्या मोजमापांमुळे.

पावसाळ्यात आपला पेट्रोलमन रात्रभर हातात बत्ती घेऊन रूळ चालतो. एखाद्या रात्री माती खचलेली दिसते, तो गाडी थांबवतो, प्रवाशांना झोपेत कळतही नाही. बाकी शेकडो रात्री काहीच सापडत नाही. म्हणून कोणी म्हणते का, की त्याचा पगार वाया गेला? टळलेल्या संकटाचे श्रेय दिसत नाही, म्हणून ते कोणालाही देता येते. दत्तदाच्या घरचा प्रश्न हाच होता. बाप्पाला विघ्नहर्ता म्हणताना, विघ्न येण्याआधी जागे राहणाऱ्या माणसांनाही आपण ओळखावे, त्यांच्या खर्चाला नाके मुरडू नयेत, आणि आपल्या मुलांतून असे एक-दोन पहारेकरी निघावेत, एवढीच प्रार्थना.

 आरतीला सात मिनिटे लेट झाला आहे, तो माझ्या नावे लिहावा.

गणपती बाप्पा मोरया!