शेगडीभोवतीचं कोरियन जेवण

कोरियन बार्बेक्यूच्या भोजनालयात टेबलाच्या मधोमध शेगडी असते. कच्चं मांस समोर येतं आणि बहुतेक वेळा जेवणारेच ते भाजतात. चिमट्याबरोबर कात्रीही हाताशी असते. भाजलेलं मांस तिनेच कापायचं.

ही रीत जुनी आहे. हाँग सोक-मो यांच्या 1849 सालच्या ऋतुमानानुसार चालीरीती सांगणाऱ्या ग्रंथात सोलमधल्या हिवाळी बैठकीचं वर्णन आहे. शेगडीत कोळसे फुलवायचे, तेल, सोया सॉस, अंडी, कांदा, लसूण लावलेलं गोमांस भाजायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून खायचं. नांगराला बैल हवेत म्हणून जोसन राजवटीत गुरं कापण्यावर वारंवार बंदी येई. तरीही ही हौस टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज गोमांसाच्या बरगड्यांची 'कल्बी' प्रसिद्ध आहे. तिच्या मसाल्यात कोरियन नाशपातीचा रस घालतात. त्याने मांस मऊ होतं. डुकराच्या पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं 'सामग्योप्सल' मात्र बहुधा मसाल्याविनाच भाजतात. गोमांस महाग असल्याने गेल्या काही दशकांत सामग्योप्सल घरोघरी लाडकं झालं.

खरी मजा घास बांधण्यात आहे. लेट्यूसच्या पानावर मांस, लसूण आणि आंबवलेल्या सोयाबीनची चटणी ठेवून पुडी करायची आणि एकदम तोंडात टाकायची. किमचीसारखी तोंडीलावणी सगळ्यांत मिळून असतात, संपली की बहुतेक ठिकाणी पुन्हा मोफत वाढतात. वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतला की मग बाकीचे जेवू लागतात.